दोन काठांची ढोलकी

मित्रांनो, मी जुनी ढोलकी. वय विचाराल तर जेमतेम दहा वर्षं, पण ढोलकीच्या जातीत दहा वर्षं म्हणजे चांगलं म्हातारपण. या दहा वर्षांत माझी चामडी सहा वेळा बदलली. दोऱ्या किती बदलल्या, ते आता आठवतही नाही. खोड मात्र तेच आहे, फणसाचं.

देवरूखपासून तासभर चाललं की बावनदीच्या काठावर करंजवाडी लागते. तिथल्या लवू गोताडच्या पडवीत मी खुंटीला टांगलेली असते. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगायला बसले आहे. ती सांगताना लवू आणि आत्माराम या दोघांबद्दलच जास्त बोलेन, कारण माझं सगळं आयुष्य त्या दोघांच्या गाण्यात गेलं.

लवूच्या परसात एक फणस होता. लवूच्या आईने तो लावला होता आणि उन्हाळ्यात नदीवरून घागरी आणून वाढवला होता. आई गेली आणि दोन वर्षांनी वादळात तो फणस आडवा झाला. बाकीचं लाकूड घराच्या वाशांना गेलं. हातभर लांबीचा एक ओंडका मात्र लवूने बाजूला ठेवला. ओंडका खांद्यावर घेऊन तो देवरूखला धोंडू कारागिराकडे गेला. धोंडूने तो ओंडका आतून कोरला, सावलीत वाळवला आणि मग दोन्ही तोंडं मढवून, दोऱ्या ताणून त्यावर पहिली थाप मारली. माझा आवाज ऐकून धोंडू म्हणाला, "लवू, आवाज खणखणीत हाय. पण हट्टी वाटते. दुसऱ्याच्या हाताला लागायची नाय."

लवू खूश झाला. घरी येईपर्यंत त्याने मला खाली ठेवलं नाही.

लवू तेव्हा तिशीतला होता. अंगाने काटकुळा, शेतीवर रापलेला, पण गळा असा की नदीच्या या काठावरून गायला तर पलीकडच्या काठावरचं माणूस काम थांबवून ऐकत राही. आमच्या रत्नागिरीकडे गणपतीत जाखडीचा नाच होतो. मध्ये गाणारा आणि ढोलकीवाला बसतात आणि पायात घुंगरू बांधलेली माणसं त्यांच्याभोवती फेर धरतात. या गाण्यात दोन बाजू असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एका बाजूच्या शाहिराने पुराणातला कूट सवाल घालायचा आणि दुसऱ्याने गाण्यातच त्याला उत्तर द्यायचं. करंजवाडी शक्तीवाल्यांची. नदीपलीकडची निवेवाडी तुरेवाल्यांची. लवू आमचा शाहीर, आणि ढोलकीही तोच वाजवायचा. निवेवाडीचा शाहीर होता आत्माराम शिगवण.

आत्माराम लवूपेक्षा पाच वर्षांनी मोठा. अंगाने भरलेला, आवाज खर्जातला, आणि हसायला लागला की पोट हलायचं. तो आमच्या भागाचा पोस्टमन होता. खाकी पिशवी खांद्याला लावून तो दोन्ही काठांवरच्या वाड्या पायी फिरायचा. त्यामुळे लवूच्या घरीही त्याला यावंच लागे. लवूचा भाऊ मुंबईला नोकरीला होता, त्याचं पत्र महिन्याला यायचं. पण दोन शाहिरांचं बोलणं नव्हतं. लवू दारात असला तर तोंड फिरवून गोठ्यात जायचा. मग आत्माराम पत्र लवूच्या बायकोच्या, तुळसाच्या हातात द्यायचा आणि मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "वैनी, तुमच्या शाहिराला सांगा, यंदा त्याच्या सवालाला उत्तर दिलं नाय, तर मी मिशा काढीन!"

तुळसा पदर तोंडाला लावून हसायची. लवू गोठ्यातून ओरडायचा, "वस्तरा देवरूखातनं घेऊनच ये म्हणावं!"

अशी दोन वर्षं गेली. आता माझ्या आयुष्यातला मोठा दिवस सांगते. १९८१ सालचा गणपती. करंजवाडीच्या एका मोठ्या खळ्यात दुपारी दोन्ही बाजूंची बारी, म्हणजे सवाल-जवाबाचा सामना, ठरली होती. चार वाड्यांतली माणसं जमली होती. आणि ऐनवेळी कळलं, की नदीवरच्या साकवावरून, म्हणजे अरुंद लाकडी पुलावरून, येताना तुरेवाल्यांची ढोलकी पाण्यात पडली. बाहेर काढली, पण चामडी भिजून ओल्या कणकेसारखी झाली होती.

आमच्या मंडळाचे प्रमुख काशीराम, लवूचे चुलते. ते लगेच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ढोलकी नाय, म्हंजे बारी नाय. तुरेवाले हरले. संपला विषय."

आत्माराम खळ्याच्या मधोमध उभा होता. त्याच्या हातात ती ओली ढोलकी होती. ती त्याने खाली ठेवली. मग लोकांच्या देखत चालत लवूसमोर आला.

"लवू," तो म्हणाला, "तुजी ढोलकी घटकाभर दे. गाऊन हरलो तर हरू दे. न गाता हरायचं माज्या जिवावर येतंय."

लवूने माझ्याकडे पाहिलं. त्याची बोटं माझ्या कडेवरून फिरत होती. नुसतं नाही म्हटलं असतं, तर त्या वर्षीचा मान करंजवाडीचा होता. तो म्हणाला, "ती दुसऱ्याच्या हाताला लागत नाय. तू गा. मीच वाजवतो."

शाहिराने विरोधी शाहिराला साथ करायची, हे कुणी ऐकलंही नव्हतं. पण लवूने थाप मारली आणि आत्माराम गायला लागला. मित्रांनो, तेव्हा एक गोष्ट घडली. इतकी वर्षं लवू आत्मारामचं गाणं ऐकायचा ते फक्त त्यातली चूक शोधायला. आज त्याला ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नीट ऐकावं लागलं, कारण ठेका त्याच्या हातात होता. ते गाणं चांगलं होतं. आत्मारामने सवाल टाकला आणि तो थांबला. नियमाने लवूने ढोलकी ठेवून, उठून, आपल्या माणसांत जाऊन उत्तर द्यायचं. पण लवू उठला नाही. हात न थांबवता, बसल्या जागेवरून त्याने वरच्या पट्टीत उत्तर उचललं. आत्मारामने त्यावर लगेच दुसरा सवाल टाकला. वरचा गळा, खालचा गळा, आणि मध्ये मी. नाचणाऱ्यांनाही राहवेना. दोन्ही मंडळांची माणसं एकाच फेरात मिसळली. बारी संपली तेव्हा कोण जिंकलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

लोक खूश होते. काशीराम मात्र खूश नव्हते. दुसऱ्याच दिवशी बैठक बसली. "चार पिढ्यांचं मंडळ," ते म्हणाले, "आणि ह्यानं तुरेवाल्याच्या गाण्याला हात लावला. आजपासनं लवू मंडळात नाय. आणि ढोलकी मंडळाची, ती हितंच ऱ्हायची." पलीकडच्या काठावर आत्मारामचंही तेच झालं.

मला उचलून सहाणेच्या माळ्यावर टाकलं. सहाण म्हणजे गावाच्या बैठकीची जागा. तिथे वर्षातून चार वेळा माणसं जमतात, बाकी वेळ उंदीर. त्या पावसाळ्यात माझी चामडी ओल धरून लोंबली. उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. खाली बैठका व्हायच्या तेव्हा वाटायचं, आता कुणीतरी वर चढेल. कुणी चढलं नाही.

पण नदीकाठावर वेगळंच चाललं होतं. हे मला तुळसाच्या तोंडून पुढे कळलं. मंडळं सुटल्यावर लवू आणि आत्माराम एकमेकांशी बोलायला लागले होते. पत्रं वाटता वाटता आत्माराम लवूच्या ओट्यावर टेकायचा. लवू रॉकेलचा रिकामा डबा घ्यायचा आणि दोघं गायचे. आता मंडळ नव्हतं, त्यामुळे पुराणातले सवालही नव्हते. मग सवाल कुठून आणायचे? आत्मारामला वाडीवाडीत जे दिसायचं त्यातून. एसटी चुकलेली म्हातारी, रेशनच्या रांगेत भांडणारे व्याही, पत्राची वाट बघणारी सून. लवू त्या सुनेच्या आवाजात गायचा:

*डाकवाल्या दादा, तुझ्या पिशवीत काय?*
*माझ्या धन्याची खुशाली हाय की नाय?*

आणि आत्माराम खर्जात उत्तर द्यायचा:

*खुशाली हाय गो वैनी, चिंता करू नको,*
*गणपतीला येतो सांगतो, मोदक संपवू नको!*

तुळसा भात कांडता कांडता ऐकायची. एक दिवस तिने मुसळ खाली ठेवलं आणि म्हणाली, "गाणं झ्याक हाय. पण ह्या डब्यावर ते खरकटी भांडी पडल्यागत वाजतंय. मी ढोलकी आणते."

"गो, बैठकीत बायका जात नाय," लवू म्हणाला.

"मंग आज जाईल एक."

१९८२ च्या गणपतीआधी सहाणेत गाव बसलं होतं. मी वर माळ्यावर होते, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. तुळसा दारात डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिली.

"मामंजी," ती काशीरामांना म्हणाली, "ढोलकी कुणाची?"

"मंडळाची."

"खोड कुणाच्या परसातलं?"

काशीराम माळ्याकडे बघायला लागले.

"फणस माज्या सासूनं लावला. उन्हाळ्यात नदीवरनं पाणी आणून घातलं. मंडळानं एक तरी घागर घातली का?"

कुणीतरी हसलं. काशीराम चिडले. "चामडं मंडळानं घातलंय! त्याचं काय?"

"मंग चामडं काढून घ्या," तुळसा म्हणाली. "खोड मी नेते."

काशीरामही हट्टालाच पेटले. त्यांनी खरोखरच कोयता मागवला. माझ्या दोऱ्या कापल्या, दोन्ही तोंडांची चामडी उतरवली. मी नुसती पोकळ लाकडाची नळी झाले. तुळसाने मला एखादं लेकरू घ्यावं तसं कमरेवर घेतलं आणि भर गावातून ती घरी आली. लाज वाटावी अशी माझी अवस्था होती, पण तिच्या कमरेवर मला लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी लवू आणि आत्माराम मला घेऊन धोंडू कारागिराकडे गेले. एक तोंड लवूने मढवून घेतलं, दुसरं आत्मारामने. धोंडू म्हणाला, "एका ढोलकीला दोन मालक? भांडाल."

आत्माराम म्हणाला, "भांडत तर आधीपासनंच होतो. आता तालात भांडू."

तेव्हापासून आम्ही तिघं बाहेर पडलो. आत्मारामला पोस्टाची सुट्टी रविवारी, म्हणून कार्यक्रम रविवारीच. शाळेचं संमेलन, बारसं, सत्यनारायण, पतसंस्थेचं उद्घाटन, जे बोलावतील तिथे. पाठीमागे मंडळ नाही, नाचणारे नाहीत. दोन माणसं आणि एक ढोलकी. सुरुवातीला लोक विचारायचे, "बाकीचे मागनं येतायत का?" गाणं सुरू झालं की विचारायचे नाहीत. देवरूख, संगमेश्वर, साखरपा, पार खाली समुद्राकडे मालगुंडपर्यंत आम्ही फिरलो. लोकांनी दोघांचं नावच एक करून टाकलं. एकदा एका चाकरमान्याचं मुंबईहून कौतुकाचं पत्र आलं, वर पत्ता, 'श्री. लवू आत्माराम, मु. करंजवाडी.' ते द्यायला आत्माराम धापा टाकत आला आणि हसून हसून ओट्यावर बसला. "बघ, तू माजा पोरगा झालास! पाया पड आता बापाच्या!"

संगमेश्वरच्या बाजारपेठेत दाऊदभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. त्यांचे भाऊ आखातात होते, त्यामुळे त्यांच्याकडे चांगले टेपरेकॉर्डर होते. १९८४ साली त्यांनी आमचा कार्यक्रम ऐकला आणि म्हणाले, "याची कॅसेट काढू या. मुंबईला कशाला जायचं? मी मशीन घेऊन तुमच्या घरी येतो."

आणि खरंच आले. लवूच्या माजघरात भिंतींना गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमायला नको. तुळसाने शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं, की दुपारपर्यंत कुणी कांडायचं नाही, कुणी भांडायचं नाही. सगळ्यांनी ऐकलं. फक्त कोंबड्याने ऐकलं नाही. डाकवाल्याचं गाणं रंगात आलं आणि आत्मारामच्या 'मोदक संपवू नको'च्या पाठोपाठ खिडकीतून कोंबडा आरवला. लवूने कपाळावर हात मारला. पुन्हा गायला निघाला तर दाऊदभाई म्हणाले, "राहू द्या हो. मुंबईत माणसांना आपल्या परसातला कोंबडा कुठं ऐकायला मिळतो?"

कोंबडा राहिला. देवरूखच्या छापखान्यात कव्हर छापलं, वर दोघांचा फोटो आणि मध्ये मी. दाऊदभाई दुकानात रोज संध्याकाळी कॅसेटच्या प्रती काढायचे. गणपतीला आलेले चाकरमानी त्या पिशवीतून मुंबईला न्यायचे. पुढच्या वर्षी ते सांगत आले, की त्यांच्या चाळीत रविवारी तीच कॅसेट लागते आणि कोंबडा आरवला की सगळी चाळ हसते. आमच्या बाजूला तर एसटीचे ड्रायव्हरही तीच लावायचे. घाट चढताना गाडीतली सगळी माणसं आत्मारामची ओळ आत्मारामबरोबर म्हणायची. लवू एकदा अशाच गाडीत मागच्या सीटवर मला मांडीवर घेऊन बसला होता. त्याने कुणाला सांगितलं नाही, की हा गळा माझा. नुसता खिडकीबाहेर बघत बोटांनी हळूच माझ्यावर ठेका धरत राहिला. त्या दिवसाइतका समाधानी मी त्याला क्वचितच पाहिला.

नाव झालं की माणसं शोधत येतात. १९८६ मध्ये मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस जीपमधून करंजवाडीला आला. पायात चकचकीत बूट. ओट्यावर बसून त्याने दोघांचं गाणं ऐकलं आणि आत्मारामसमोरच लवूला म्हणाला, "तुमचा गळा सोनं आहे. पण हा दुसरा आवाज बाजारात चालणार नाही, भसाडा आहे. तुमच्याबरोबर आम्ही एक गायिका देतो. मोठ्या स्टुडिओत गाल, फोटो पेपरात येईल."

लवू खाली बघत राहिला. आत्मारामने पिशवी खांद्याला लावली. "बरोबर बोलतायत ते," तो म्हणाला. "तू जा रे. तुजा गळा मोठा हाय." आणि पलीकडच्या वाडीतली पत्रं वाटायला निघून गेला.

मित्रांनो, लवूला मोह झाला नाही असं मी सांगणार नाही. झाला. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तुळसाने विचारलं तर म्हणाला, "पेपरात फोटो कुणाला नको असतो गो?" ती एवढंच म्हणाली, "कुणाला नको असतो? पण गाऊन बघा एकदा एकटे."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला घेतलं आणि पडवीत बसून डाकवाल्याचं गाणं सुरू केलं. 'खुशाली हाय की नाय' इथपर्यंत आला आणि थांबला. उत्तराची ओळ त्याला पाठ होती. त्याने ती म्हणून पाहिली. आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं. दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा त्याने मला बाजूला ठेवलं आणि तुळसाकडे एक पोस्टकार्ड मागितलं. कार्डावर कंपनीला लिहिलं, 'मी एकटा अर्धाच गातो. अर्धं गाणं घेऊन तुम्ही काय करणार? लवू गोताड.'

आता आमच्या वाडीतलं टपाल न्यायचं कोणी? आत्मारामनेच. आणि कार्ड म्हणजे उघडं पत्र. तो ओट्यावर उभा राहिला, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, पिशवीत टाकलं. बराच वेळ पिशवीचं बक्कल लावत राहिला. मग म्हणाला, "अक्षर बरं काढलंस." एवढं बोलून निघाला.

दुसरी कॅसेटही आम्ही त्याच माजघरात केली. तीही चालली. पण १९८७ च्या उन्हाळ्यात आत्मारामचा आवाज बसायला लागला. तो ज्येष्ठमध चघळायचा, गरम पाणी प्यायचा, आणि कुणी विचारलं तर 'धुळीनं झालंय' म्हणायचा. कार्यक्रम ठरलेले होते, लोक वाट बघत होते, म्हणून तो तसाच गात राहिला. सहा महिने त्याने हे लपवलं. शेवटी तुळसाने त्याला ओट्यावर अडवलं. "भावोजी, ही धूळ नाय. उद्या डॉक्टरकडं जायचं. नाय गेलात तर माज्या दारात टपाल घेऊन येऊ नका."

देवरूखच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. लवू बरोबर गेला. स्वरयंत्रावर गाठ होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं, की आवाज परत यायचा नाही, आता आयुष्यभर कुजबुजच. हे त्यांनी लवूला बाहेर बोलावून सांगितलं, मग तो खाटेशी आला. आत्मारामने पाटी मागून घेतली आणि लिहिलं, 'काय म्हणाले?' लवूने खरं सांगितलं. आत्मारामने पाटी पुसून लिहिलं, 'पोस्टमनला आवाज कशाला? पाय हायत.'

घरी आल्यावर तो खरंच कामावर रुजू झाला. मला मात्र लवूने खुंटीवर टांगलं. चार-पाच महिने त्याने मला हात लावला नाही. लोक बोलवायला आले की म्हणायचा, "आता नाय." माझ्या अंगावर धूळ बसली, कोळ्याने जाळं केलं. पण हे माळ्यावरच्या दिवसांसारखं नव्हतं. तिथे मला कुणी विचारत नव्हतं. इथे लवू रोज माझ्याकडे बघायचा आणि मान वळवायचा.

पोस्टमन दारात आला की 'पोस्ट!' अशी हाक देतो. आत्मारामला हाक देता येईना. म्हणून तो दाराच्या फळीवर बोटांनी वाजवायचा. आधी साधंच, टक टक. पण हात शेवटी गाणाऱ्याचा. हळूहळू त्याच्या वाजवण्यात ठेका आला. वाडीतल्या बायका आतूनच ओळखायच्या, आत्माराम आला. एका सकाळी लवू माजघरात विळा पाजळत बसला होता आणि दारावर बोटं वाजली. लवूचा हात थांबला. ती नुसती टकटक नव्हती. ती 'खुशाली हाय गो वैनी' होती, एकही मात्रा न चुकता.

लवू बाहेर आला. आत्माराम पत्र पुढे करून उभा होता. लवूने पत्र घेतलंच नाही. खुंटीवरून मला काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाला, "बस."

"मला... येत... नाय," आत्माराम कुजबुजला.

"दार वाजवता येतं ना? मंग हे बी एक दारच हाय."

सहा महिने शिकवणी चालली. चाळिशी उलटलेला शिष्य आणि त्याच्यापेक्षा लहान गुरू. आत्मारामची बोटं जाड, पत्रांचे गठ्ठे बांधून बांधून राठ झालेली. सुरुवातीला ती माझ्यावर खलबत्त्यासारखी पडायची. लवू चिडायचा, "अरे, शिक्का मारतोस काय पत्रावर?" आणि आत्मारामचं पोट हसण्याने हलायचं, आवाज मात्र यायचा नाही. धोंडू कारागीर म्हणाला होता, मी दुसऱ्याच्या हाताला लागणार नाही. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. पण पावसाळा सरेपर्यंत त्या राठ बोटांची मला सवय झाली. मग लवूपेक्षाही भारदस्त घुमार त्या हाताखाली माझ्यातून निघायला लागला. तो घुमार थेट आत्मारामच्या खर्जासारखा होता.

या वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे १९८९ मध्ये, मालगुंडच्या एका शाळेने संमेलनाला बोलावलं. सकाळची वेळ. मैदानावर मुलं मांडी घालून बसलेली, मागे त्यांचे आईबाप. गाडीतून उतरल्यापासून लवू येरझाऱ्या घालत होता. तो आत्मारामला म्हणाला, "लोक तुजी ओळ मागतील. मी म्हणू का?"

आत्मारामने मान हलवली. नाही.

पहिली तीन गाणी बरी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी ओरडलं, "डाकवाला!" आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. लवूने आत्मारामकडे पाहिलं. आत्मारामने मला मांडीशी घट्ट धरलं.

लवू गायला. *डाकवाल्या दादा, तुझ्या पिशवीत काय? माझ्या धन्याची खुशाली हाय की नाय?*

आणि तो थांबला. त्याच्या थांबण्यात आत्मारामची बोटं माझ्यावर उतरली. शब्द नाहीत, नुसता ठेका. पण ठेक्यात ती अख्खी ओळ होती. मी जीव ओतून वाजले. ओळ संपली. मैदान शांत होतं. लवूच्या मानेवरची शीर मला दिसत होती. त्याला वाटलं, संपलं, हे चालणार नाही.

मग लवूने तोच सवाल पुन्हा घातला. पुन्हा आत्मारामची बोटं उतरली, आणि या वेळी पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी, दोन वेण्या घातलेली, ठेक्याबरोबर म्हणाली, "खुशाली हाय गो वैनी..." तिच्या शेजारचीने तिला साथ दिली. आणि मग सगळं मैदान, तीनशे मुलं, त्यांच्या आया, मास्तर, सगळे एका आवाजात गर्जले, *"गणपतीला येतो सांगतो, मोदक संपवू नको!"* आणि मागच्या रांगेतल्या एका वात्रट पोराने कोंबड्यासारखी बांगही दिली.

आत्मारामचं पोट माझ्या अंगाला टेकलेलं होतं. ते हलत होतं. तो हसत होता. आवाज नव्हता, पण मला सगळं कळत होतं. त्या दिवशी त्या एका गाण्याला अर्धा तास लागला, कारण मुलं पुन्हा पुन्हा सवाल मागत होती आणि उत्तर स्वतःच देत होती.

तेव्हापासून आमचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले आहेत. लवू विचारतो, आत्माराम वाजवतो, गाव उत्तर देतं. आता नवीन गाण्यांतली उत्तरं आत्माराम आधी कागदावर लिहून तुळसाकडे देतो, आणि ती कार्यक्रमाआधी बायका-मुलांना त्या ओळी शिकवते. दाऊदभाई तिसरी कॅसेट करायची म्हणतात.

मित्रांनो, आता तुम्हाला एक विनवणी. तुमच्या घरात ढोलकी, पेटी, झांज, काहीही असेल तर काम झालं की तिच्या दोऱ्या सैल करा, ओलीत ठेवू नका, उंदरांपासून जपा. पण तेवढ्याने ती जगत नाही. ती वाजवा. आणि तुमच्या घरातल्या माणसाचा आवाज बसला, तर त्याला 'धुळीनं झालंय' म्हणू देऊ नका, हाताला धरून डॉक्टरकडे न्या. आणखी एक. एखाद्याला विचारलं आणि त्याचं उत्तर लगेच ऐकू आलं नाही, तर उठून जाऊ नका. थोडं थांबा, कान द्या. त्याचं उत्तर आलेलंही असेल, फक्त ते मोठ्याने म्हणायला तुम्ही हवे असाल.